अभिजात वादनासाठी आल्टो सॅक्स कसा निवडावा

नाशिकमध्ये सॅक्स म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वरातीचा बँड येतो. मीही तिथूनच आलो. पंचवटीतल्या एका बँडमध्ये आमचे मास्तर क्लॅरिओनेट वाजवायचे. त्यांच्या शेजारी उभं राहून चौदाव्या वर्षी मी आल्टो, म्हणजे मधल्या आकाराचा सॅक्सोफोन, हातात घेतला. त्या कामाला आवाज मोठा लागतो, पुढच्या चौकापर्यंत पोहोचणारा. पुढे पाश्चात्य संगीताच्या ग्रेडच्या परीक्षा देऊ लागलो, पियानोच्या साथीला बसलो, तेव्हा कळलं की अभिजात वादन सॅक्सकडून वेगळंच काही मागतं. सगळ्यात खालचे सूर अगदी हळू आवाजात, न गुरगुरता, श्वास सोडावा तसे सहज निघाले पाहिजेत. वरपासून खालपर्यंत प्रत्येक सुराचा पोत सारखा हवा. महागडा सॅक्स घेताना नवोदित मंडळी नाव बघतात, चकाकी बघतात, आवाज किती मोठा ते बघतात. माझं म्हणणं एवढंच आहे की खालचा हळू सूर आधी ऐका.

‘अभिजात’ म्हणजे इथे मुख्यतः पाश्चात्य अभिजात संगीत. संगीतकार ग्लाझुनोव्हचा १९३४ सालचा कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना), ईबेरचा त्याच्या पुढच्या वर्षीचा कॉन्चेर्टिनो, बिझे आणि राव्हेल यांनी वाद्यवृंदात सॅक्सला दिलेल्या जागा, अशी ती परंपरा आहे. आपल्याकडे मात्र शास्त्रीय म्हटलं की राग आठवतो, आणि आल्टोवर रागसंगीत वाजतं हे कद्री गोपालनाथांनी आयुष्यभर वाजवून दाखवलं. त्यांचं संगीत कर्नाटकी. १९९४ साली ते लंडनच्या बीबीसी प्रॉम्स या संगीत महोत्सवातही वाजवून आले. राग वाजवणाऱ्यांनाही पुढे सांगितलेलं बहुतेक सगळं लागू पडेल. जिथे फरक आहे तिथे तो सांगेन.

आधी घरातला सॅक्स तपासून घ्या

तुमच्याकडे विद्यार्थ्यांसाठीचा चांगला सॅक्स असेल, उदाहरणार्थ यामाहाचा २८०, आणि खालचे सूर निघत नाहीत म्हणून तुम्ही नवा शोधत असाल, तर थोडं थांबा. सॅक्सवर वीसहून जास्त भोकं असतात, प्रत्येकावर कातडी पॅड बसतं, आणि त्यातलं एक जरी नीट टेकलं नाही तर त्याच्या खालचे सगळे सूर आजारी पडतात. चार-पाच वर्षं वाजवलेल्या सॅक्सची पॅड कडक झालेली असतात. आधी तो दुरुस्त करून घ्या आणि महिनाभर वाजवा. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी कितीतरी जणांची अडचण तेवढ्यानेच सुटली आहे, आणि घरच्यांचे पैसे वाचले आहेत.

दुरुस्तीनंतरही पियानोबरोबर वाजवताना तुम्हाला प्रत्येक सुरावर ओठांनी कसरत करावी लागते का? हळू वाजवायला गेलात की सॅक्स बोलायचाच थांबतो का? बाराही स्केल वेगात स्वच्छ येत असूनही हे होत असेल, तर वरच्या दर्जाचा सॅक्स घेण्याची वेळ आली आहे. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या सहाव्या-सातव्या ग्रेडच्या आसपास बहुतेकांना ही गरज जाणवते.

माउथपीस आधी, सॅक्स नंतर

हा क्रम उलटा करू नका. आवाजाचा रंग ठरवण्यात माउथपीसचा, म्हणजे तोंडात धरायच्या भागाचा, वाटा इतका मोठा आहे की ते चुकीचं असेल तर पाच लाखांचा सॅक्सही वरातीसारखाच वाजेल.

अभिजात वादनासाठीची माउथपीस बहुतेक करून काळ्या एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, असतात. टोकाशी रीड (फुंकल्यावर थरथरणारी बोरूची पातळ पट्टी) आणि माउथपीस यांच्यामधली फट कमी असते. आत उंचवटा नसतो, त्यामुळे आवाज गोल येतो आणि कडा टोचत नाहीत. सेल्मरचं एस ८० सी स्टार पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या हातात आहे. त्याची आतली पोकळी चौकोनी असते. सेल्मरच्याच एस ९० मालिकेत १७०, १८०, १९० असे आकडे असतात, आणि ते त्या फटीचं माप सांगतात: १.७० मिलीमीटर, १.८० मिलीमीटर, १.९० मिलीमीटर. वँडोरेनचं ऑप्टिमम एएल ३ हा तिसरा भक्कम पर्याय. नवोदिताने यातलं कुठलंही एक घ्यावं आणि दोन-तीन महिने दुसऱ्याकडे बघू नये. बँडमधून आलेल्यांना सुरुवातीला आवाज कोंडल्यासारखा वाटतो. मलाही वाटला होता. ओठ आणि पोट त्या फटीला सरावले की आवाज उघडतो.

रीड वँडोरेनची निळ्या खोक्यातली, ३ नंबरची घेऊन सुरुवात करा. एका खोक्यात दहा येतात, त्यातल्या तीन-चारच मनासारख्या निघतात. हे सगळ्यांच्याच नशिबी आहे. रीड ज्या बोरूच्या जातीपासून बनतात तो दक्षिण फ्रान्समध्ये पिकतो. ती शेवटी एक वनस्पती आहे, म्हणून प्रत्येक काडी वेगळी.

आता एक परीक्षा, सॅक्स न लावता करायची. नुसतं माउथपीस रीडसकट तोंडात धरून नेहमीच्या ताकदीने फुंका. आल्टोच्या अभिजात वादनात तो सूर हार्मोनियमच्या तार सप्तकातल्या पांढरी सहाच्या जवळ यायला हवा, म्हणजे ए, ८८० हर्ट्झ. नेक, म्हणजे माउथपीस ज्यावर बसतं तो वाकडा तुकडा, जोडून फुंकलंत तर मध्य सप्तकातली काळी चार. सूर याहून वर जात असेल तर तुम्ही दाताने आवळताय. आवळणाऱ्याला दुकानातला प्रत्येक सॅक्स वरच्या सप्तकात चढा लागतो, आणि तो चांगल्या वाद्याला नावं ठेवून परत येतो. हा सूर पक्का होईपर्यंत मुंबईचं तिकीट काढू नका.

कुठली नावं यादीत ठेवायची

या भागात मी फार रेंगाळणार नाही, कारण नवोदित इथेच सगळा वेळ घालवतात.

पॅरिसची सेल्मर, जपानच्या यामाहा आणि यानागिसावा, आणि फ्रान्सचीच ब्युफे क्राँपाँ, या चार घरांत अभिजात वादनासाठी लागणारं सगळं आहे. सेल्मरचा सिरीज टू म्हणजे या परंपरेचा रोजचा वरणभात: गडद, भरीव, थोडा अंगावर घ्यावा लागणारा. सिरीज थ्री सूरात अधिक सरळ आणि आवाजाला मोकळा. २०२१ साली आलेला सुप्रीम मला तिन्हींत सगळ्यात समतोल वाटला, पण किंमतही तशीच. यामाहाचा कस्टम ८७५ ईएक्स खास अभिजात वादकांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. त्यांचाच कस्टम झेड ८२ जॅझच्या बाजूला झुकतो, दुकानदार दोन्ही एकाच पंक्तीत मांडतात म्हणून गोंधळू नका. यानागिसावाचा डब्ल्यूओ १० पितळी आणि डब्ल्यूओ २० ब्रॉन्झचा. दोघांच्या चाव्यांची घडण इतकी नेटकी असते की हात लावताच कळतं. ब्युफेचा सेंझो तांब्याच्या अंगाचा, उबदार आवाजाचा. खिसा तेवढा मोठा नसेल तर यामाहाचा ६२ घ्या. तो व्यावसायिक वर्गातला सगळ्यात स्वस्त दरवाजा आहे, आणि त्यावर कुठलीही परीक्षा, कुठलाही कार्यक्रम निभावतो.

सेल्मरचा १९५४ साली आलेला जुना मार्क सिक्स पाहिजेच, असा हट्ट धरणारे भेटतील. तो सुंदर सॅक्स आहे, पण त्यातला प्रत्येक नग वेगळा. सूर सांभाळण्याची सवय लागते आणि किंमत कीर्तीची मोजावी लागते. पहिला व्यावसायिक सॅक्स म्हणून मी तो कुणालाही सुचवत नाही.

धातूबद्दल नाशिककरांना मी वेगळं काय सांगणार? भांडी बाजारात पितळ-तांब्याची घासाघीस आपण लहानपणापासून बघतो. तांबट मठारकाम करतो तेव्हा हातोडीच्या ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो. सॅक्सची घंटा, म्हणजे पुढचं रुंद तोंड, हाताने ठोकून घडवतात तेव्हाही तेच होतं. पण सोनेरी लॅकर (वरचा चकचकीत लेप), चांदीचा मुलामा, ब्रॉन्झ यांनी आवाज किती बदलतो याबद्दल वादक जेवढ्या ठामपणे बोलतात तेवढा फरक समोरच्या श्रोत्याला क्वचितच ऐकू येतो. नळीचा निमुळतेपणा, भोकांच्या जागा, पॅडची बैठक आणि नेकचा आकार यांनी आवाज जास्त ठरतो. मुलाम्यासाठी जादा पैसे घालण्यापेक्षा ते दुसऱ्या नेकसाठी किंवा चांगल्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा.

दुकानात जाण्याची तयारी

या दर्जाचे सॅक्स नाशिकमध्ये हात लावून बघायला मिळणं अवघड. मी सकाळी नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस पकडतो. सीएसएमटीला उतरून धोबी तलावपर्यंत चालत जाता येतं, आणि तिथे वाद्यांची जुनी दुकानं आहेत. आधी फोन करून विचारा की कुठलं मॉडेल प्रत्यक्ष दुकानात आहे आणि ते वाजवून बघायला वेगळी खोली मिळेल का. एकाच मॉडेलचे दोन नग असतील तर दोन्ही काढून ठेवायला सांगा. कारखान्यातून एकाच दिवशी निघालेले दोन सॅक्सही हुबेहूब सारखे नसतात.

पिशवीत काय असावं: तुमचं माउथपीस, तोंडाला लागलेल्या तीन रीड, गळ्यातला पट्टा, फोनमध्ये ट्यूनर आणि तानपुऱ्याचं अ‍ॅप, बारीक एलईडीची लांब पट्टी किंवा वायरवरचा छोटा दिवा, आणि पतंगाच्या कागदाच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या. शिवाय एक माणूस. त्याला सॅक्स येत नसला तरी चालेल, पण ज्याच्या कानावर तुमचा विश्वास आहे असा. माझ्याबरोबर माझी मोठी बहीण यायची, ती गाते. तिने डोळे मिटून सांगितलेलं मत मला कुठल्याही वादकाच्या मतापेक्षा जास्त उपयोगी पडलं.

वाजवून बघण्याचा क्रम

सॅक्स हातात आला की पहिली दहा मिनिटं नुसते लांब सूर वाजवा. धातू आणि आतली हवा गरम होईपर्यंत ट्यूनरकडे बघूच नका. नव्या सॅक्सच्या नेकवर बूच घट्ट असतं. माउथपीस जोर लावून रेटू नका, जरा ग्रीस लावून मागा.

मग सरळ तळाला जा. सी, बी, बी फ्लॅट, हे सॅक्सचे सगळ्यात खालचे तीन सूर. आधी जिभेने न ठोकता, फक्त हवेने सुरू करा, जितकं हळू जमेल तितकं. चांगला सॅक्स इथे तुम्हाला घाबरवत नाही. सूर एकदम वरच्या सप्तकात उडी मारत असेल किंवा मोटारीसारखा गुरगुरत असेल तर कारणं तीन असू शकतात: हवा गळतेय, माउथपीस त्या सॅक्सशी जुळत नाही, किंवा तुमचा घसा आवळलाय. माउथपीस बुचावर दोन मिलीमीटर आत-बाहेर करून बघा. दुसरं माउथपीस लावून बघा. तरीही गुरगुरत असेल तर दुकानदाराला पॅड तपासायला सांगा, आणि तो तयार नसेल तर तो नग खाली ठेवा. इथे मी दहा-पंधरा मिनिटं घालवतो. बाकी सगळं मागाहून सुधारता येतं. हा गुण नसेल तर अभिजात वादनात रोज लढाई होते.

मग मधला सांधा. सॅक्सवर एकही बोट न दाबता येणारा सी शार्प आणि सगळी बोटं दाबून सप्तकाच्या चावीने येणारा डी हे शेजारी-शेजारी असतात. एक उघड्या नळीचा सूर, दुसरा जवळजवळ पूर्ण नळीचा. सी शार्प पातळ आणि उतरलेला निघतो, डी कोंडलेला आणि चढा. हा दोष सगळ्याच सॅक्समध्ये थोडाफार आहे, आडॉल्फ साक्सने १८४६ साली पेटंट घेतलं तेव्हापासून. बघायचं एवढंच की तो किती आहे. सी, सी शार्प, डी, परत सी शार्प, असं एका श्वासात बांधून हळूहळू वाजवा आणि बरोबरच्या माणसाला विचारा की आवाज एकाच गळ्यातून आल्यासारखा वाटतो का.

त्यानंतर वरच्या सप्तकातला जी आणि ए. जीपर्यंत हवेचं भोक सॅक्सच्या अंगावरचं उघडतं, ए पासून नेकवरचं. चावी एकच, पण आत ती कामाची वाटणी बदलते. जी, ए, जी, ए असं सावकाश वाजवा. मध्ये खट्ट ऐकू येतंय का, ए वर हवेची सरसर जास्त आहे का, ते पाहा. अगदी वर, तळहाताने दाबायच्या चाव्यांचे डी, ई फ्लॅट, ई, एफ सगळ्यांवर चढे असतात. ओठ सैल सोडून ते खाली येतात की नाही एवढंच बघा.

आता तानपुरा. मला ही परीक्षा ट्यूनरपेक्षा जास्त भरवशाची वाटते. आल्टो ई फ्लॅटचा असल्यामुळे त्यावर लिहिलेला सी हार्मोनियमच्या काळी दोनवर बोलतो. अ‍ॅपमध्ये तानपुरा काळी दोनला लावा आणि सॅक्सवर सी चं स्केल वाजवा, एकेका सुरावर दहा सेकंद थांबून. षड्ज आणि पंचम तानपुऱ्यात विरघळले पाहिजेत. शुद्ध गंधार मात्र जपून ऐका. तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार हार्मोनियम-पियानोच्या गंधाराहून सुमारे १४ सेंट खाली असतो (शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे १०० सेंट). त्यामुळे गंधार तिथे जरा चढा लागला तर तो सॅक्सचा दोष धरू नका. पियानोबरोबर तो बरोबरच आहे. षड्ज-पंचम जुळतात का, खालच्या आणि वरच्या सप्तकातला षड्ज एकमेकांशी जुळतो का, हे मुख्य. सप्तकं ताणलेली असतील, म्हणजे खालचा षड्ज उतरलेला आणि वरचा चढा, तर तो सॅक्स तुम्हाला पियानोबरोबर छळेल.

रागसंगीत वाजवणाऱ्यांनी आपल्या षड्जाने परत एकदा बघावं. काळी एकला गाणाऱ्यांच्या साथीला सॅक्सवर बी फ्लॅट हा षड्ज होतो, काळी चारला एफ. त्या जागांवरून मींड घ्या. ओठांनी सूर किती खाली सरकतो, चावी अर्धी उघडताना सूर मध्येच तुटतो का ते पाहा. सूर अगदी घट्ट धरून ठेवणारा सॅक्स पियानोबरोबर आनंद देतो, पण मींडेला हट्टी ठरतो. इथे दोन वाटा वेगळ्या होतात, आणि तुमची वाट कुठली हे तुम्हीच ठरवायचं.

शेवटी तुम्हाला पूर्ण पाठ असलेला एक संथ तुकडा वाजवा. नवा, अवघड काही नको. एकाच सुरावर अगदी हळू ते खूप मोठं आणि परत हळू असं करा, आणि मोठं होताना सूर चढतो की उतरतो ते ऐका. दोन सॅक्स उरले असतील तर बरोबरच्या माणसाला पाठ करून उभं राहायला सांगा, क्रम न सांगता दोन्ही वाजवा. फोनवर रेकॉर्ड करा, फोन एकाच जागी ठेवून. मग चहा प्यायला बाहेर पडा. कान ताजे झाले की परत येऊन ऐका. जमलं तर त्याच दिवशी पैसे देऊ नका. दुसऱ्या खेपेला तोच सॅक्स पुन्हा आवडला तर तो तुमचा.

हात आणि यंत्र

आल्टो साधारण अडीच किलोचा असतो. उजव्या अंगठ्याखालचा आकडा, म्हणजे हुक, सरकवता येतो, तो आपल्या हाताला जुळवून मगच चाव्यांबद्दल मत बनवा. डाव्या करंगळीखालच्या चाव्यांचा जो पाट असतो, जी शार्प, खालचा सी शार्प, बी आणि बी फ्लॅट, त्यावर करंगळी सहज घसरली पाहिजे. लहान हातांच्या मुलामुलींना यामाहा आणि यानागिसावा लवकर जमतात असं मला वाटतं.

मग दिवा. सॅक्सच्या पोटात एलईडीची पट्टी सोडा, खोलीतला उजेड कमी करा, चाव्या हलक्या हाताने एकेक मिटवा. पॅडच्या कडेने उजेड दिसला तर तिथून हवा गळते. जिथे शंका वाटते तिथे पतंगाचा कागद पॅडखाली ठेवा, चावी हळूच मिटवा, कागद ओढा. चारी बाजूंनी सारखाच अडकला पाहिजे. नव्या सॅक्सलाही हे करा, लाजू नका. लांबच्या प्रवासातून आलेल्या नव्या सॅक्सची पॅड हलू शकतात.

जुना सॅक्स घेणार असाल तर

मी स्वतः इथे फसलो. लग्नसराईतले पैसे साठवून एका विक्रेत्याकडून जुना, मोठ्या नावाचा आल्टो घेतला. अंगावर नक्षी होती, चकाकी होती, दुकानात मोठ्याने वाजवला तेव्हा छान वाटला. घरी आणून हळू वाजवायला बसलो तर बी निघेना. जाणकाराने बघितलं तेव्हा कळलं की नेक कधीतरी खाली दाबला गेला होता, आणि नव्याने लॅकर चढवताना घासून भोकांच्या कडा झिजवल्या होत्या. दुरुस्तीत जेवढे पैसे गेले त्यात थोडी भर घातली असती तर नवा ६२ आला असता. त्या वर्षीची परीक्षाही हुकली, आणि ते मला अजून लागतं.

म्हणून नेक डोळ्यासमोर आडवा धरून बघा. वरची कमान गोलच्या गोल हवी. वाकलेल्या नेकच्या वळणावर दोन्ही बाजूंना हलका फुगवटा येतो, तो बोटांना लागतो. सॅक्सच्या अंगावरचे दांडे एका रेषेत आहेत का ते टोकाकडून बघा. वाकलेलं अंग तिथे लपत नाही. चाव्या बाजूला हलवून बघा, खडखड जास्त असेल तर झीज आहे. अनुक्रमांक स्पष्ट वाचता येतो का, नेकवरचा आणि अंगावरचा जुळतो का (काही कंपन्यांचे जुळतात) हेही बघा. नवं लॅकर केलेल्यात नक्षीच्या रेषा बुजल्यासारख्या दिसतात. लॅकर उडालेला, डाग पडलेला, पण मूळचा सॅक्स त्याहून कितीतरी बरा.

बँडवाल्यांकडून स्वस्तात मिळणारे सॅक्स बहुतेक मेरठच्या जली कोठीत बनलेले असतात. ती पेठ देशभरातल्या बँडना वाद्यं पुरवते, आणि रस्त्यावर वाजवायला ती वाद्यं आपलं काम करतात. अभिजात वादनासाठी लागणारी सुराची बारीक जुळणी मात्र त्यात नसते, तेव्हा या कामासाठी ती घेऊ नका.

पैसे आणि कागद

व्यावसायिक आल्टो लाखांमध्येच जातो, आणि वरची मॉडेलं चार-पाच लाखांच्या पुढे. भाव विचाराल तेव्हा कर, जकात, पेटी, माउथपीस धरून एकूण किती ते लेखी घ्या. वॉरंटी भारतात लागू आहे का, दुरुस्ती कुठे होणार, पहिली दुरुस्ती फुकट आहे का, हे पावती फाडण्यापूर्वीच विचारायचं. परदेशातून कुणी नातेवाईक आणणार असेल तर विमानतळावर तो कस्टमला दाखवायला सांगा. न दाखवता आणलेल्या वाद्याची काळजी पुढे वर्षानुवर्षं पुरते. दुरुस्तीच्या मुंबईच्या खेपाही हिशेबात धरा. वर्षातून एकदा तरी जावं लागतं.

नाशिकला आणल्यावर

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी पारा दहाच्या खाली उतरतो, निफाडकडे त्याहून खाली. नळीतली हवा एक अंशाने थंड झाली की सूर सुमारे ३ सेंट उतरतो. गंगापूर रोडवरच्या एखाद्या उघड्या हॉलमध्ये सकाळचा कार्यक्रम असेल तर पेटी आधीच खोलीत आणून ठेवा, आणि वाजवण्यापूर्वी नुसती गरम हवा फुंकत राहा. माउथपीस आत रेटून सूर चढवायला गेलात तर सगळी सप्तकं बिघडतात. बरेच व्यावसायिक सॅक्स ४४२ हर्ट्झच्या ए सुराला जुळवलेले असतात. पियानो ४४० ला असेल तर माउथपीस किंचित बाहेर ओढावं लागतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पावसाळ्यात पॅड चिकटतात, जी शार्पची चावी सगळ्यात आधी. वाजवून झालं की आतून फडकं ओढा, मग चिकटणाऱ्या पॅडखाली टिपकागद ठेवून दोन-तीनदा हलकेच दाबा. पावडर लावू नका, ती कातड्यात जाऊन बसते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत रीडचं टोक लाटेसारखं वाकतं. तेव्हा रीड बंद डबीत ठेवा, वाजवण्यापूर्वी दोन मिनिटं पाण्यात भिजवा आणि सपाट काचेवर दाबून सरळ करा.

पहिले तीन-चार महिने रोज पहिल्या पाच मिनिटांत तळाचा सी, बी, बी फ्लॅट हळू वाजवायचा नेम ठेवा, आणि कसे निघतात ते वहीत दोन शब्दांत लिहा. नवी पॅड या काळात बसत असतात, त्यामुळे एखाद्या आठवड्यात बी अचानक अडखळायला लागतो. त्या दिवशी दिवा लावून बघा आणि गळती सापडली की पहिल्या मोफत दुरुस्तीची तारीख घ्या, तिची मुदत संपायची वाट बघू नका.